कारवी आणि निळकंठी : अवधूताच्या यादीबाहेरचे दोन गुरू



आजचं वाचन : एकनाथी भागवत, अध्याय सातवा, शेवटचा भाग.

रोज वाचणाऱ्यांना मागचं आठवत असेल. आज पहिल्यांदाच आला असाल तर थोडक्यात सांगतो. यदू नावाचा राजा एका तरुण अवधूताला विचारतो, की बाबा, तुझ्याजवळ घर नाही, संसार नाही, कामधंदा नाही, आणि तरी तू इतका आनंदात कसा? अवधूत म्हणतो, मी चोवीस गुरू केले. मग तो एकेक सांगायला लागतो. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य. सातव्या अध्यायाच्या शेवटी येतो आठवा गुरू, कपोत. म्हणजे आपलं कबूतर. हो, तेच, जे तुमच्या एसीच्या डब्यावर संसार थाटून बसलंय.

कपोताची गोष्ट दुःखाची आहे. पिल्लं फासेपारध्याच्या जाळ्यात सापडतात, ती बघून आई जाळ्यात उडी घेते, आणि तिला बघून बाप. अवधूत ही गोष्ट सांगतो ती कौतुकाने नाही. आसक्ती एवढी वाढली की माणूस डोळ्यांसमोरचं जाळंही बघत नाही, हे तो कपोताकडून शिकला. आणि याच अध्यायात थोडं आधी, पृथ्वीबरोबर, झाडही येऊन गेलंय. झाडाकडून त्याने काय घेतलं, तर दुसऱ्यासाठी असणं. जो येईल त्याचं व्हायचं. नाथमहाराज इथे एक फार मोकळं करणारी गोष्ट समजावतात. ज्याचा गुण घ्यावासा वाटला तो गुरू, आणि ज्याच्याकडे बघून एखादी गोष्ट टाकावीशी वाटली तोही गुरूच.

म्हणजे एका अध्यायात एक झाड आहे आणि एक पक्षी. एकाकडून घेतलं, एकाला बघून टाकलं. पण एक गोष्ट अवधूत कुठेही करत नाही. झाड मोठं की पक्षी मोठा, असा प्रश्न तो विचारतच नाही. चोवीस गुरू आहेत, पण रँकिंग नाही.

हे आज एवढं सांगायचं कारण म्हणजे परवा आलेला एक मेसेज. एक ताई आहेत, वय सत्तावीस, रोज ठाण्याहून अंधेरीला नोकरीला जातात. अडीच वर्षं झाली, ट्रेनमध्ये रोज विष्णुसहस्रनाम म्हणतात. गर्दीत मनातल्या मनात. त्यांच्याच ऑफिसमधली एक मैत्रीण आठ महिन्यांपूर्वी एका भजनी मंडळात जायला लागली. आज ती गाते, डोळ्यांत पाणी येतं, लोक तिला बोलावतात. ताईंनी लिहिलंय, "दादा, तिच्यात काहीतरी फुललंय. माझ्यात काहीच फुलत नाही. ॲपवर नऊशे दिवसांची स्ट्रीक आहे फक्त. मी चुकीच्या मार्गावर आहे का? सोडून देऊ का?"

हा प्रश्न साधा नाही. अडीच वर्षं रोज केलेली गोष्ट माणूस सोडतो तेव्हा फक्त ती गोष्ट सुटत नाही. "माझ्याने होत नाही" हे वाक्य मनात कायमचं बसतं. म्हणून आज मी अवधूताची परवानगी गृहीत धरून त्याच्या यादीबाहेरचे दोन गुरू घेतोय. एक झाड, एक पक्षी. दोन्ही ताईंच्या रोजच्या प्रवासाच्या आसपासचेच.

पहिली कारवी.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरी लेण्यांच्या वाटेवर डोंगरउतारांवर जी दाट झुडपं दिसतात, त्यात कारवी भरपूर आहे. तशी ती सगळ्या सह्याद्रीत आहे. (कास पठारावरची टोपली कारवी तिची बहीण. ती गोल टोपलीसारखी वाढते, ही सरळ काठ्यांची.) पावसाळा आला की कारवीला मोठी, खरखरीत हिरवी पानं येतात. पाऊस गेला की पानं वाळतात, गळतात, आणि उन्हाळ्यात तिथे नुसत्या करड्या काठ्या उभ्या राहतात. कुणी म्हणेल, मेली. पुढच्या जूनमध्ये परत हिरवी.

असं एक वर्ष नाही. दोन वर्षं नाही. सात पावसाळे कारवी फक्त पानं देते. फूल नाही, कळी नाही. आठव्या वर्षी, ऑगस्टच्या शेवटापासून, अख्खा उतार एकदम जांभळा-निळा होतो. सगळी झुडपं एकदम! मुंबईच्या उद्यानात ती 2008 मध्ये फुलली, मग 2016 मध्ये, मग 2024 मध्ये. 2024 साली तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी फोटो टाकले होते, आठवतंय ना? ते फोटो बघून वाटतं की कारवी म्हणजे ती फुलं. पण त्या झुडपाचं जवळजवळ सगळं आयुष्य आपल्या फोटोंत आलेलंच नाही.

बिनफुलांच्या वर्षांत ती काय करत असते? तीव्र उतारावरची माती धरून ठेवते. मुंबईचा पाऊस कसा पडतो ते तुम्हाला माहीत आहे. त्या पावसात डोंगराची माती खाली वाहून जाऊ नये म्हणून जी मुळं पकडून बसतात, त्यांत हिची असतात. आणि तिच्या काठ्या. ठाणे-पालघरकडच्या वारली पाड्यांवर कुडाची घरं बांधतात, त्या कुडाला कारवीच्या काठ्या लागतात. काठ्या उभ्या बांधायच्या, वरून माती आणि शेणाने लिंपायचं, झाली भिंत. लग्न असलं की याच भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहितात आणि त्यात पालघट देवी येते. आपण वारली चित्र म्हणून कपांवर, कुर्त्यांवर जे मिरवतो, ते मूळचं या भिंतीवरचं.

जरा थांबून बघा. देवी भिंतीवर आली, भिंत कुडावर उभी राहिली, आणि कुड उभा राहिला तो फूल न आलेल्या काठ्यांवर.

मला इथे ताईंची नऊशे दिवसांची ट्रेन दिसते. ताई, तुमच्या मेसेजमध्ये तुम्ही सहज एक वाक्य लिहून गेलात, की गेल्या वर्षी बाबांचं ऑपरेशन झालं तेव्हा घरात सगळे घाबरले होते आणि हॉस्पिटलचं सगळं तुम्हीच बघितलंत. तुम्ही ते वेगळी गोष्ट म्हणून लिहिलंत. मला नाही ती वेगळी वाटत. त्या आठवड्यात तुमच्या घराचा कुड कशावर उभा होता?

आता कारवीचा दुसरा भाग, जो रीलमध्ये येत नाही. फुलं आली की माश्या येतात. कारवीचा मध दाट आणि गडद असतो, महाबळेश्वरकडे मिळतो, ज्यांनी खाल्लाय त्यांना सांगायला नको. फुलांची फळं होतात. आणि कारवी मरते. आठ वर्षांत एकदा फुलायचं आणि संपायचं. वाळलेल्या फळांत बी तसंच अडकून राहतं, हिवाळाभर, उन्हाळाभर. पावसाचा ओलावा लागला की ती फळं तडतड आवाज करत फुटतात आणि बी उडतं. त्याच ओल्या मातीत नवी रोपं येतात. परत पहिलं वर्ष. परत नुसती पानं.

म्हणजे फूल ही कारवीची कमाई नाही. आपण सगळे, मी धरून, साधनेकडे बघताना हाच हिशोब करतो: एवढे दिवस टाकले, आता मला काहीतरी आलं पाहिजे. अनुभव, शांतता, डोळ्यांत पाणी, निदान लोकांनी "किती छान गातेस" म्हणणं. कारवीकडे बघितलं की हा हिशोब उलटा पडतो. तिला फूल "मिळत" नाही. सात वर्षं जे साठवलं ते ती फुलात देऊन टाकते. मध माश्यांचा, मग माणसांचा. बी पुढच्या पावसाचं. तिच्या स्वतःच्या वाट्याला त्यातलं काय येतं?

ताई, "माझ्यात काहीच फुलत नाही" असं म्हणताना आपण नक्की काय मागतोय, हे एकदा कारवीसमोर उभं राहून विचारायला हवं.

पण इथे मला एक ब्रेक लावायचाय, कारण हे उदाहरण आळसाला फार सोयीचं आहे. मी ओळखतो अशी मंडळी. "माझी कारवी आहे हो, फुलेल आठव्या वर्षी," म्हणत जपमाळ कपाटात. कारवी सात वर्षं झोपलेली नसते! दर पावसाळ्यात ती पानं काढते. पानांशिवाय सात वर्षं राहून आठव्या वर्षी फुललेली कारवी कुणी पाहिलेली नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन हीच भीती विचारतो, की अर्ध्या वाटेत घसरलेल्याचं काय? ना इकडचा ना तिकडचा, फाटलेल्या ढगासारखा विरून जातो का? भगवंत त्याला धीर देतात, की चांगलं काम करणारा वाया जात नाही, जिथे सोडलं तिथून पुढे धरतो. पण हे उत्तर चालायला लागलेल्यासाठी आहे, हे लक्षात घ्या.

आता पक्षी.

राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरावरून पूर्वेला खाली उतरा. भांडुप येतं. एलबीएस रोड, रेल्वे, पूर्व द्रुतगती महामार्ग ओलांडला की भांडुप पंपिंग स्टेशनचा रस्ता लागतो, आणि तो ठाणे खाडीपाशी जातो. फ्लेमिंगोंमुळे ही खाडी सगळ्यांना माहीत झाली. 2015 मध्ये अभयारण्य झालं, 2022 मध्ये रामसर स्थळांच्या यादीत आली. पण गुलाबी फ्लेमिंगोंवरून नजर काढून, काठच्या पाणकणसाच्या आणि गवताच्या बुडाशी, ओल्या चिखलात हिवाळ्यात बघा. चिमणीएवढा एक मातकट पक्षी तुरुतुरु पळतो, थांबतो, शेपटी उडवतो. शेपटीच्या बुडाशी दोन्हीकडे विटकरी रंग चमकतो. डोळ्यावर पांढरट भुवई. आणि तो आपल्याकडे वळला, तर गळा निळा! खाली काळा आणि विटकरी पट्टा, आणि बहुतेक वेळा निळ्याच्या मधोमध एक विटकरी ठिपका. मादीला हा थाट नाही, तिच्या गळ्याभोवती नुसती काळसर माळ.

याला मराठीत निळकंठी म्हणतात. काही जण सरळ शंकर म्हणतात. (दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो नीलकंठ वेगळा. तो मोठा, निळ्या पंखांचा, तारेवर बसणारा. गोंधळ करू नका.) नाव ठेवणाऱ्याला नक्की भागवताच्या आठव्या स्कंधातलं समुद्रमंथन आठवलं असणार. हालाहल वर आलं, सगळे पळाले, महादेवांनी ते प्यायलं, आणि गळा निळा झाला.

आता गंमत ऐका. निळकंठी हा गाणारा पक्षी आहे. साधासुधा नाही, उत्तम. दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज उचलून आपल्या गाण्यात गुंफतो. पण खाडीकाठी तुम्ही अख्खी सकाळ बसलात तरी बहुतेक वेळा ऐकू काय येईल? "चक्." बस. एक कोरडं "चक्", आणि तो गवतात गडप.

कारण त्याची गाण्याची जागा इथे नाही. तो आपल्याकडे ऑक्टोबरच्या सुमारास येतो आणि मार्च-एप्रिलमध्ये जातो. त्याची घरटी उत्तरेत. लडाखमध्ये काही असतात, आणि पार युरोपच्या उत्तरेपर्यंत. नॉर्वेतल्या आणि चेक प्रजासत्ताकातल्या काही निळकंठींच्या पाठीवर प्रकाश नोंदवणारं इवलंसं यंत्र बसवून अभ्यास झाला होता. 2015 मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि कळलं की ते हिवाळ्यात भारतीय उपखंडात येतात. वीस ग्रॅमच्या आसपास वजनाचा जीव. तो रात्री उडतो आणि दिवसा कुठल्यातरी झुडपात, चिखलात पोट भरतो. तिकडे वसंतात त्याचा गळा पुरता निळा उजळतो आणि तिकडे तो गातो.

मग आपल्या खाडीतला शंकर खोटा का? इथे तो "चक्" एवढंच म्हणतो म्हणून त्याच्यात गाणं नाही का?

इथे मला ताईंच्या मैत्रिणीपेक्षा दुसरीच माणसं आठवतात. वारीला गेला असाल तर पाहिलं असेल. एरवी सोसायटीच्या आरतीत मागे उभा राहून ओठ हलवणारा एखादा काका. बँकेत, नाहीतर गिरणगावातल्या कुठल्यातरी ऑफिसात आयुष्य गेलेलं. आषाढात तो दिंडीत चालायला लागतो, आणि तिसऱ्या दिवशी त्याचा आवाज ऐकून घरचेसुद्धा चकित होतात. गाणं तेव्हा आलं का? नाही हो. जागा तेव्हा आली, सोबत तेव्हा मिळाली. उरलेले अकरा महिने तो निळकंठीसारखा चिखलात दाणापाणी गोळा करत होता, आणि आपण त्याला "अरसिक" म्हणत होतो.

आणि मैत्रिणीबद्दलही एक सांगतो, कारण तिच्यावर अन्याय नको. आठ महिन्यांत कुणी सुंदर गायला लागलं, की मागे बसलेले लोक म्हणतात, "हे काय, दुसऱ्याच्या चाली उचलल्यात." उचलू द्या की! निळकंठी दुसऱ्यांचे आवाज उचलतोच. भजनात आपण सगळे कुणाची तरी चालच म्हणत असतो. आणि तिच्या आठ महिन्यांमागे किती वर्षांची वाट आहे, हे आपल्याला दिसत नाही. उत्तरेतल्या लोकांना गाणारा निळकंठी दिसतो, रात्रीच्या आकाशातला दिसत नाही. कदाचित तिच्या आजीने लहानपणी तिला मांडीवर घेऊन हरिपाठ म्हटला असेल. तुम्ही विचारलंत का कधी तिला? विचारा. हेव्यावर यापेक्षा चांगलं औषध मला ठाऊक नाही.

एक मात्र खरं सांगायला पाहिजे. निळकंठी गातो ते देवासाठी वगैरे नाही. मादीला बोलवायला आणि "ही जागा माझी" सांगायला गातो. आपण उगाच त्याच्या हातात टाळ देऊ नये. कारवीही त्याग करते आहे असं तिला वाटत नसणार. अवधूतानेही कपोताला तत्त्वज्ञानी केलेलं नाही; कपोत कपोतच राहिला, शिकला अवधूत. तेव्हा या दोघांची भक्ती शोधायला जाऊ नका. आपली शोधायची.

आणि आता ती तुलना, जी करायचा मोह होतो. कारवी एका जागी, पक्षी हजारो किलोमीटर फिरणारा. कारवी आठ वर्षांतून एकदा, पक्षी दर वर्षी. कारवी एकदा फुलून संपते, पक्षी परत परत गातो. कारवी हजारोंच्या घोळक्यात फुलते. (सगळ्या एकदम फुलल्या की बी इतकं होतं, की खाणाऱ्यांना सगळं संपवता येत नाही, असं एक कारण शास्त्रज्ञ सांगतात.) पक्षी रात्रीचा प्रवास करतो. काय चांगलं?

हा प्रश्न कारवीला विचारला आणि तिने मनावर घेतला, तर काय होईल? दर वर्षी फुलायच्या नादात साठवण संपेल, माती सुटेल. निळकंठीने मनावर घेतला आणि ठरवलं, की आता मी एकाच जागी सात वर्षं बसणार, तर उत्तरेतला पहिला हिवाळाच त्याला गोठवेल. गीतेत स्वधर्माबद्दल जे सांगितलंय, की दुसऱ्याचा धर्म कितीही छान दिसला तरी त्यात भय आहे, ते आपण जातीच्या, धंद्याच्या चर्चेत फार वापरून बोथट करून टाकलंय. मला ते साधनेच्या बाबतीत जास्त खरं वाटतं. ताईंनी मैत्रिणीचा मार्ग नुसता ती गाते म्हणून धरला, तर मंडळातल्या पहिल्या बेसूर दिवशी त्या तोही सोडतील. मैत्रिणीने ताईंना बघून मंडळ सोडलं आणि ट्रेनमध्ये मौन धरलं, तर ती महिन्याभरात सुकेल.

नाथमहाराजांचंच बघा ना. एकनाथी भागवताला सुरुवात झाली पैठणला, गोदावरीकाठी, स्वतःच्या घरात. ग्रंथ पूर्ण झाला वाराणसीला, शके 1495 मध्ये, म्हणजे इसवी सन 1573. संस्कृत पंडितांच्या शहरात मराठी टीका! विरोध झालाच. म्हणजे एकाच ग्रंथात पैठणचं मूळही आहे आणि काशीचा प्रवासही. त्यांना कुणी विचारलं असतं, की महाराज, तुम्ही कारवी का निळकंठी, तर मला वाटतं ते हसले असते आणि विचारणाऱ्याला आधी जेवायला बसवलं असतं.

तर ताई, तुमच्या "सोडून देऊ का?" या प्रश्नाला माझं उत्तर: सहस्रनाम सोडू नका. स्ट्रीक सोडा. ॲप काढून टाका, आजच. नऊशेचे हजार व्हायची वाट बघणं हे कारवीच्या बुंध्याला रोज फूटपट्टी लावण्यासारखं आहे. एखाद्या दिवशी ट्रेनमध्ये उभं राहायलाही जागा नसेल, अर्धंच झालं, तर अर्धं. पान लहान आलं, एवढंच.

आणि दुसरं, एका शनिवारी मैत्रिणीबरोबर मंडळात जा. गायला नाही, बसायला. कुणी आग्रह केला तर "चक्" म्हणा आणि मागे सरका, हरकत नाही. तुमची गाण्याची जागा ती असेल, नसेल, कळेल. नसेल तर परत ट्रेन आहेच. तिलाही एकदा तुमच्या डब्यात बोलवा, ठाणे ते दादर, काही न बोलता.

बाकीच्यांसाठी : हिवाळा असेल तर भांडुपला खाडीकाठी जा. पुण्याचे असाल तर कवडीपाटला नदीकाठी जा, तिथेही निळकंठी दिसतो. सकाळी लवकर जा, गडद कपडे घाला, स्पीकरवर भजन लावू नका (लावतात लोक!), आणि चिखलाच्या कडेपासून लांब एका जागी बसा. पक्ष्याला दगड मारून उडवून फोटो काढणाऱ्यांपैकी होऊ नका. पावसाळा असेल तर कान्हेरीच्या वाटेवर कारवी बघा. 2024 च्या बियांची रोपं आता तिथे वाढतायत, आणि हिशोबाने पुढचा बहर 2032 च्या सुमाराला. आत्ता तिथे फोटो काढण्यासारखं काही नाही. म्हणूनच जा. एक माळ तिथे उभ्या उभ्या होते.

उद्या आठवा अध्याय सुरू करतोय. पहिलाच गुरू अजगर, जो जागचा हलत नाही आणि तोंडात येईल तेवढंच खातो. ऑफिसला जाणाऱ्यांनी त्याच्याकडून नक्की काय घ्यायचं आणि काय नाही, यावर मला बरंच भांडायचंय. वाचून या.

राम कृष्ण हरी.